हुकूम देणाराच वेढ्यात

उमापूर हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं गाव. या तालुक्याच्या उत्तरेच्या अंगाला गंगथडी लागते. काळी जमीन, कपाशी, अलीकडे ऊस, आणि मधूनच जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी. इथली जुनी माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात. याच काठावरचं राक्षसभुवन लोकांना ठाऊक आहे ते शनीमुळे. कागदोपत्री गावाचं नावही ‘राक्षसभुवन शनीचे’ असंच लिहितात. शेजारी पांचाळेश्वराला महानुभावांचं आत्मतीर्थ. दर्शनाला आलेला माणूस नदीत पाय बुडवतो, तेल वाहतो, आणि अंधार पडायच्या आत घर गाठायच्या घाईनं परत फिरतो. आपण उभे होतो त्या काठावर १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि निजाम यांची पानिपतानंतरची एक मोठी झुंज झाली, हे त्याच्या गावीही नसतं.

युद्धात शूर कुणाला म्हणायचं, हुकूम पाळणाऱ्याला की मोडणाऱ्याला, असा वाद निघाला की मराठी माणूस आधी नेसरीला जातो. प्रतापराव गुजरांनी उमराणीला बहलोलखानाला कोंडून सोडून दिलं, शिवाजी महाराजांचा राग ओढवून घेतला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर जाऊन पडले. आधी मर्जीविरुद्ध वागले, मग मर्जी इतकी शब्दशः पाळली की सेनापतीच उरला नाही. नेसरीवर पुष्कळ लिहून झालंय. मला राक्षसभुवन जास्त छळतं. कारण त्या मैदानावर, मागच्या दोन वर्षांत ज्यानं कुणाचा ना कुणाचा शब्द मोडला नव्हता असा बडा माणूस शोधावा लागतो.

पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि जुलैत माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. वय सोळा. कारभार हाती घेतला तो काका रघुनाथरावांनी, म्हणजे दादासाहेबांनी. त्यांच्या उजव्या हाताला सखारामबापू बोकील. निजाम अलीनं ही संधी ओळखली. वर्षभरापूर्वी उदगीरच्या लढाईनंतर सदाशिवरावभाऊंनी त्याच्याकडून साठ लाखांवर उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला काढून घेतला होता. तो सल मनात ठेवून १७६१ च्या अखेरीस तो थेट पुण्याच्या रोखानं निघाला. वाटेत प्रवरासंगमाजवळच्या टोक्याची देवळं त्याच्या फौजेनं फोडली.

या फौजेत मराठे होतेच. सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या वंशातले रामचंद्र जाधव निजामाचे बडे सरदार होते. पुणं जवळ आलं असताना ते निजामाचा गोट सोडून पेशव्यांकडे आले. सोबत निजामाचा भाऊ मीर मोगलही आला. टोक्याच्या विटंबनेनं जाधव बिथरले असं बहुतेक लिहितात. असतीलही. पण त्या काळातल्या सरदाराच्या मनात देव आणि दौलत हे दोन वेगळे कप्पे होते असं समजण्याचं कारण नाही. उरुळीपाशी निजाम पुरता कोंडला गेला, आणि ऐन वेळी दादासाहेबांनी त्याच्याशी तह केला. वर सत्तावीस लाखांचा मुलूख देऊ केला! माधवराव गप्प बसले. फौज दादासाहेबांचा शब्द मानत होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसती फितुरी वाटेल. आजच्या पलटणीत हुकूम वरून खाली येतो आणि पगार सरकारी तिजोरीतून होतो. त्या काळी सरदाराची फौज त्याची स्वतःची. घोडी त्याची, शिलेदार त्याचे, त्यांचा रोजमुरा त्याच्या सरंजामाच्या उत्पन्नातून. धन्याचा हुकूम आला की सरदार आधी सरंजामाची सनद आठवायचा, मग रिकीब. ‘नाही’ म्हणणं हा बंडखोरपणा नव्हता. ती बहुतेक वेळा घासाघीस असायची. तेव्हा अठराव्या शतकातल्या सरदारानं हुकूम मोडला एवढं सांगून त्याच्या शौर्याबद्दल काहीच कळत नाही. मोडला कशासाठी आणि त्याची किंमत कुणी भरली, हे विचारावं लागतं.

१७६२ च्या पावसाळ्यात काका-पुतण्याचं बिनसलं. दादासाहेब पुणं सोडून निघाले, फौज जमवली, आणि मदतीला कुणाला बोलावलं? निजाम अलीला. दौलताबादेसह मोठा मुलूख परत द्यायच्या बोलीवर. नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे झुकले. नोव्हेंबरात घोडनदीवर आणि मग आळेगावाजवळ पेशव्यांच्या दोन फौजा एकमेकींवर धावल्या. पानिपतावरून वाचून आलेली माणसं भीमेच्या काठी एकमेकांना कापत होती.

१२ नोव्हेंबर १७६२ ला आळेगावात माधवरावांनी जे केलं त्याला काय नाव द्यावं, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. ते लढाईत मागे हटले होते, पण संपले नव्हते. पळून जाता आलं असतं. साताऱ्याच्या छत्रपतींचं नाव पुढे करून मुलूखभर फौज उभी करता आली असती. त्यांनी लढणंच थांबवलं. मल्हारराव होळकरांच्या मध्यस्थीनं स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. सनदेनं पेशवा तो होता. हुकूम देण्याचा अधिकार त्याचा होता, मोडणारे काका होते. तरीही खाली मान त्यानं घातली, कारण घरातलं भांडण अजून महिनाभर चाललं असतं तर सगळा दख्खन निजामाच्या घशात गेला असता. सतरा वर्षांच्या मुलानं स्वतःच्या अपमानाची किंमत स्वतःच भरली. त्याच्या सहीची एकही हुंडी दुसऱ्याच्या दारात गेली नाही.

दादासाहेबांच्या हुंड्या मात्र फिरायला लागल्या. पुतण्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या एकेकाची झडती झाली. १७६३ च्या आरंभी त्यांनी पटवर्धनांची मिरज वेढा घालून घेतली. गोपाळराव पटवर्धन म्हणजे माधवरावांचा भरवशाचा माणूस. घर गेलं, किल्ला गेला, आणि ज्याच्यासाठी गेलं तो पेशवा स्वतः नजरकैदेत. गोपाळराव उठले आणि निजामाला जाऊन मिळाले.

निजामाकडे तेव्हा सूत्रं हलवत होता त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर. माणूस मराठी, देशस्थ ब्राह्मण, राजा प्रतापवंत ही त्याची पदवी. पुण्याच्या चित्पावनांचा कारभार मोडायचा, साताऱ्याचं राज्य जानोजी भोसल्यांच्या हातात द्यायचं आणि भीमेपर्यंतचा मुलूख निजामाचा करायचा, असा त्याचा बेत. जानोजींनाही छत्रपतिपदाची भूल पडली. जातीचा राग, जुनं वैर आणि नवी आशा अशी ती तिहेरी मसलत होती.

पेशव्यांनी समोरासमोर लढाई टाळली. औरंगाबादेकडे धाव, वऱ्हाडात जानोजींच्या मुलखाची लूट, मग भागानगर, म्हणजे हैदराबाद. निजाम पाठलाग करून थकला आणि पुण्यावर उलटला. १७६३ च्या मे महिन्यात पुणं लुटलं गेलं. ज्यांनी खंडणी भरली त्यांची घरं राहिली. ज्यांनी भरली नाही त्यांची पाडली किंवा जाळली. माणसं सिंहगड-लोहगडाकडे पळाली. सिंहगडाच्या पायथ्याला नेऊन ठेवलेलं दप्तरही आगीत गेलं; आपल्या इतिहासाचे किती कागद त्या दिवशी राख झाले याचा हिशेब आता कुणी मांडू शकत नाही. पेशव्यांची फौज पुण्याकडे वळली नाही. ती भागानगरच्या पेठांतून खंडणी गोळा करत होती. मसलत म्हणून ते बरोबरच होतं. पण त्या फौजेत कसबा पेठेतला, शनिवारातला स्वार असणारच. मागे आपलं घर जळतंय हे त्याला कळलं असेल आणि हुकूम होता पुढे चालण्याचा. तो चालला. राक्षसभुवनच्या विजयाची कथा सांगताना ही चाल कुणी मोजत नाही.

पावसाळा लागला. निजामानं छावणीसाठी औरंगाबाद गाठायचं ठरवलं. औरंगाबाद गोदावरीच्या उत्तरेला, फौज दक्षिणेला. तोवर जानोजींचा सौदा पलटला होता. बत्तीस लाखांचा मुलूख देण्याच्या बोलीवर ते पेशव्यांकडे फिरले, आणि काहीतरी निमित्त काढून निजामाच्या फौजेपासून बाजूला उतरले. गोपाळरावही परतले. दादासाहेबांनी मिरजेचा राग गिळला, गिळावाच लागला.

श्रावण नुकताच लागला होता. पावसाळ्यात गंगा कशी येते हे उमापुरातल्या पोराला सांगायला नको. वर पैठणच्या धरणातून पाणी सोडलं की आजही काठच्या गावांना दवंडी द्यावी लागते. तेव्हा धरण नव्हतं. पाणी येईल तसं यायचं. निजाम अली निम्मी फौज घेऊन नावांतून पलीकडे गेला. तोफा, सामानसुमान, बाजारबुणगे आणि पिछाडी अलीकडच्या तीरावर राहिली. नदीला पूर, पायउतार नाही, नावा थोड्या. त्या पिछाडीचा, म्हणजे चंदावलाचा, मुखत्यार होता विठ्ठल सुंदर. मराठ्यांची फौज लांब मजला मारत आली आणि त्याच्यावर कोसळली.

झुंज सोपी झाली नाही. पाठीशी पूर असलेला माणूस वेगळाच लढतो, त्याला मागचा रस्ताच नसतो. विठ्ठल सुंदरच्या माणसांनी उलट मुसंडी मारली आणि खुद्द दादासाहेबांच्या हत्तीभोवती गर्दी केली. मराठी फौजेचा सेनानायक, अटकेपर्यंत घोडी नेणारा राघोभरारी, अंबारीत बसल्या जागी कोंडला गेला.

आता त्या क्षणी माधवराव पेशवा कुठे उभा होता ते पाहा. नाव पेशव्याचं, हुकमत काकांची. नऊ महिन्यांमागे याच काकांनी त्याला नजरकैदेत टाकलं होतं, त्याचे विश्वासू सरदार उद्ध्वस्त केले होते, शत्रूला घरात आणलं होतं. हुकूम देणाराच वेढ्यात सापडलेला, त्यामुळे हुकूम येणार नव्हता. पाळायला काही नव्हतं, मोडायलाही काही नव्हतं. घटकाभर थांबायचं, एवढंच करायचं होतं. गर्दीत निशाणं दिसत नाहीत, धुळीत हत्ती दिसत नाही, वाट सापडली नाही, असं नंतर म्हणता आलं असतं आणि पुण्यात कुणी एक प्रश्न विचारला नसता. पेशवाईचा मोठा काटा निजामाच्या माणसांनी परस्पर काढला असता.

तो थांबला नाही. हुजरातीची, म्हणजे पेशव्याच्या खास फौजेची, माणसं घेऊन घुसला आणि काकांना बाहेर काढलं. ग्रँट डफ मराठ्यांचं कौतुक फार हात राखून करतो. तोही या लढाईतल्या माधवरावाची वैयक्तिक धडाडी आणि जिथे फौज अडली तिथे वेळेवर कुमक पोचवण्याची समज, दोन्ही नोंदवतो. वय अठरा.

योगायोग असा की याच सुमारास युरोपात शूर कुणाला म्हणायचं या प्रश्नावर जगभर चर्चिलेली दोन उत्तरं दिली गेली. मार्च १७५७ मध्ये इंग्रजांनी आपला दर्यासारंग बिंग याला आपल्याच आरमाराच्या एका जहाजावर गोळ्या घातल्या. गुन्हा एवढाच की मिनोर्काच्या लढाईत त्यानं शिकस्त केली नाही. आणि तीन महिन्यांनी ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसानं एक लष्करी पदक सुरू केलं. हुकूम मोडून लढाई जिंकणाऱ्याला ते मिळतं अशी दंतकथा त्याला चिकटली आहे. नियम तसा नव्हता. जे काम केलं नसतं तरी अधिकाऱ्याला कुणी बोल लावला नसता, ते स्वतःच्या अंगावर घेऊन करणाऱ्यासाठी ते पदक होतं. मला तर हा नियम वाचताना व्हिएन्ना दिसत नाही, राक्षसभुवनची चिखलट दिसते.

विठ्ठल सुंदर त्या दिवशी मारला गेला. नदीपलीकडून निजामाला मदत पाठवता आली नाही. विठ्ठल सुंदरबद्दल मराठी पुस्तकं दोन ओळींत आवरतात, त्याही शिव्यांच्या. त्याची मसलत वाईट होती हे खरंच. पुणं तिच्यापायीच जळालं. पण त्या मैदानावर नेमून दिलेली जागा शेवटच्या श्वासापर्यंत न सोडणारा बडा माणूस शोधला तर तोच सापडतो. ज्या जानोजीच्या भरवशावर मसलत उभी केली तो बाजूला झालेला, धनी सुखरूप पलीकडे पोचलेला, आणि हा मागे तोफा सांभाळत राहिलेला. पुढे तहाच्या वेळी निजाम अली दादासाहेबांना जाऊन भेटला, पश्चात्ताप दाखवला आणि सगळा दोष मेलेल्या दिवाणाच्या माथी मारला. हुकूम पाळणाऱ्याला धन्यानं दिलेली ही पावती. दादासाहेबांनी ती मानलीही. त्यांचा निजामावर लोभ होताच.

२५ सप्टेंबर १७६३ ला औरंगाबादेस तह झाला. गमावलेला आणि देऊ केलेला मिळून ब्याऐंशी लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला. राक्षसभुवननंतर माधवरावांनी कारभार हळूहळू स्वतःकडे ओढला. फौजेनं त्यांना पाहिलं होतं, आता शब्द कुणाचा हा प्रश्न उरला नव्हता. गोपाळरावांना मिरज परत मिळाली आणि ते हैदरअलीवरच्या मोहिमांत आघाडीला राहिले. जानोजींचं बत्तीस लाखांचं बक्षीस मात्र माधवराव विसरले नाहीत. १७६६ मध्ये दर्यापूरच्या तहानं चोवीस लाख परत घेतले, १७६९ मध्ये कनकापूरला उरलेले आठ. आणि काका? १७६८ च्या जूनमध्ये धोडपच्या पायथ्याला माधवरावांनी त्यांना गाठलं, पकडलं आणि शनिवारवाड्यात कैदेत ठेवलं. आळेगावला मान खाली घालणारा आणि धोडपला हात घालणारा माणूस एकच. मधल्या सहा वर्षांत बाहेरचा शत्रू दारातून हटला होता, एवढाच फरक.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले, सत्तावीस वर्षांचे. पुढच्या ऑगस्टात, राक्षसभुवनला दहा वर्षं होऊन वीस दिवस झाले असताना, त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावला. काका तेच. एका पुतण्यानं ज्याला वेढ्यातून काढलं, त्याच्यासमोर दुसरा पुतण्या कापला गेला. हुकमात ‘ध’ चा ‘मा’ झाला असं परंपरा सांगते. धरावे होतं, मारावे झालं. सुमेरसिंग गारद्यानं आपल्यापुरता हुकूमच पाळला होता. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्यात, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगणाऱ्या ४१ व्या कलमात, हुकुमाच्या आधी ‘कायदेशीर’ हा शब्द घातलेला आहे. शनिवारवाड्यात तो शब्द फक्त रामशास्त्री प्रभुण्यांच्या तोंडी होता; त्यांनी दादासाहेबांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं.

राहता राहिली लढाईची जागा. राक्षसभुवन पेशव्यांनी जिंकलं, पण बीड जिल्हा स्वातंत्र्यानंतरही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४७-४८ मध्ये मराठवाड्यात वकिलांनी निजामाच्या कोर्टांवर बहिष्कार टाकला, पोरांनी शाळा-कॉलेजं सोडली, गावोगावच्या पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. पटवाऱ्याचं दप्तर जाळणं हा तेव्हा हुकूम मोडण्याचा आमच्याकडचा प्रकार होता; तो मोडणाऱ्यांच्या नावानं पदकं निघाली नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. राक्षसभुवनच्या लढाईला तेव्हा १८५ वर्षं होऊन गेली होती.